एकाच नावाचा टॅग पुन्हा पुन्हा: ॲरे असा बांधा

तुम्ही लिहिलंय की सोपक्लायंटने (सर्व्हरशी एक्सएमएलमधून बोलणारा पीएचपीचा तयार क्लास) रिक्वेस्ट पाठवताना कोडात तीन पार्सलं भरूनही सर्व्हरला शेवटचंच मिळतं. दोष सर्व्हरचा नाही. पीएचपीच्या ॲरेत एक की (key, म्हणजे घटकाचं नाव) एकदाच राहते. 'पार्सल' तीनदा लिहिलं की आधीची दोन पुसली जातात, आणि एररही येत नाही. इथे इंदूरला सियागंजातल्या एका व्यापाऱ्याची बिलं पाठवणारा कोड लिहिताना माझे यातच दोन दिवस गेले. जिरं, हळद गायब, बिलात फक्त बडीशेप.

'पार्सल' ही की एकदाच लिहा आणि तिच्या पोटात साधी यादी द्या. यादीतला प्रत्येक घटक म्हणजे वजन, पत्ता असलेला छोटा ॲरे. डब्ल्यूएसडीएलमध्ये (सर्व्हिसचं वर्णन देणारी फाइल) त्या एलिमेंटचा मॅक्सऑकर्स अनबाउंडेड असेल, म्हणजे तो टॅग कितीही वेळा चालत असेल, तर सोपक्लायंट प्रत्येकासाठी वेगळा टॅग स्वतःच काढतो. बाहेरचा 'पार्सल्स' टॅग असेल तर ती पातळीही ॲरेत हवी, नेमकी तीच सुटते.

एक्सएमएलच्या स्ट्रिंगा हाताने जोडू नका, कळकळीने सांगतो. दुकानाच्या नावात अँपरसँड (&) आला की अख्खी रिक्वेस्ट मोडते. क्लायंट बनवताना ट्रेस हा पर्याय (पाठवलेली रिक्वेस्ट जपून ठेवणारा) चालू ठेवा, मग गेटलास्टरिक्वेस्टने नेमकं काय गेलं ते दिसेल. तीन टॅग दिसले नाहीत तर ॲरेचा तेवढा भाग इथे टाका, बघतो.