हॉट रॉडच्या किटमध्ये चुका काढत बसायचं का?

रामबागकर:
काल इथे कोणीतरी लिहून गेलं की चुकीची किट (प्लास्टिकचे भाग जोडून बनवायचं गाडीचं छोटं मॉडेल) सुधारत बसणं म्हणजे टाइमपास, हॉट रॉड मुळातच वेगासाठी कापाकापी केलेली जुनी गाडी, तिला कसला आलाय अचूकपणा. डोकंच फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. 1932 च्या फोर्डचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, 106 इंच. 1/25 मध्ये, म्हणजे पंचवीसपट लहान मॉडेलमध्ये, 107.7 मिमी यायला पाहिजे. माझ्या टेबलावरच्या जुन्या किटमध्ये भरतो 104. म्हणजे खऱ्या गाडीतले साडेतीन इंच गायब, आणि तेही बॉनेटमधून, त्यामुळे व्ही-8 इंजिन बसवलं की पंखा थेट रेडिएटरला टेकतो. म्हणून मी चेसिस (खालचा सांगाडा) कापून मध्ये तुकडा घातला. हॉट रॉड बनवणाऱ्या पोरांनी कापाकापी केली हो, छतं कापली, बॉडी चेसिसवर खाली उतरवली, फेंडर (मडगार्ड) काढून फेकले. पण इंजिनच मावणार नाही अशी गाडी कोणी बनवली नाही.

डब्यातून_सरळ:
लिहिणारा मीच, नाव घेतलं असतं तरी चाललं असतं. अहो 3.7 मिमी! तुमच्या शोकेससमोर व्हर्निअर घेऊन कोण उभं राहतं? आणि ड्रॅग रेसवाल्यांनी (सरळ रस्त्यावरची छोटी शर्यत) चाकं पुढे-मागे सरकवलीच होती, तेव्हा कुठे गेला तुमचा व्हीलबेस? माझा मोठा भाऊ तुमच्यासारखाच, कपाटभर किट कापून ठेवल्यात, पूर्ण एक नाही, वहिनी दर दिवाळीला तो डबा भंगारवाल्याला द्यायला निघते.

रामबागकर:
ती 1965 ची डॉज-प्लिमथ, राजे. मागची चाकं 15 इंच पुढे घेतली कारण वजन मागच्या टायरवर पाहिजे होतं. कारण होतं! इथे साचा बनवणाऱ्याचं माप चुकलंय, त्याला स्टाइल म्हणू नका.

गॅरेजवाला_भिया:
वाद चालू द्या, मला एक सांगा, चेसिस कापून तुकडा घातलात तर फट भरली कशाने?

रामबागकर:
एनसी पुट्टी. इंदूरच्या सियागंज बाजारातून.

गॅरेजवाला_भिया:
मेलो! भिया ती पत्र्यासाठी असते. तिच्यातलं थिनर प्लास्टिक मऊ करतं, आणि वरून सुकली तरी आतून आकसत राहते. आज घासून रंग मारा, महिन्याभराने सांधा रंगातून वर डोकावतो. स्प्रूचे (किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या काड्यांना जोडलेले येतात त्यांचे) तुकडे प्लास्टिक सिमेंटमध्ये, म्हणजे मॉडेलच्या गोंदात, विरघळवा, तेच भरा, प्लास्टिकच प्लास्टिकला, घासायलाही एकसारखं.

निळी_शाई:
आणि तो लगदा सुकायला किती वेळ घेतो ते पण सांगा ना दादा! पावसाळ्यात मी भरून ठेवला, आठवड्याने नख रुततंय अजून. एनसी पातळ थरात लावली, थरांमध्ये दम धरला तर काही होत नाही. सगळ्यांना घाई.

गॅरेजवाला_भिया:
ताई, आठवड्याने नख रुततंय म्हणजे खड्डा एका दमात भरला असणार. प्लास्टिकची पट्टी घाला आधी, लगदा फक्त फटीपुरता. माझ्या गॅरेजात रोज पुट्टीचंच काम असतं, मला शिकवू नका.

निळी_शाई:
गॅरेजात तुम्ही मारुतीचे डेंट भरता. इथे दरवाजाची रेघ अर्ध्या मिलिमीटरची आहे. पुट्टीवरून माज नका करू.

डब्यातून_सरळ:
बघा, हेच म्हणत होतो मी. गाडी राहिली बाजूला, लगद्यावरून भांडताय. मी दोन सुट्ट्यांत गाडी उभी केली, लाल रंग मारला, घरात येणारा प्रत्येक जण "वा" म्हणतो.

रामबागकर:
छत कापलंय का त्या लाल गाडीचं?

डब्यातून_सरळ:
कापलंय. तीन इंचाचा चॉप, खिडकीचे खांब सरळ करवतले. एकदम खुन्नस दिसते. का?

रामबागकर:
तीन इंच म्हणजे 1/25 मध्ये 3 मिमी. तेवढ्याने तुमच्या गाडीचा चेहरा बदलला, खुन्नस आली. आणि माझे 3.7 मिमी कोणाला दिसत नाहीत?

गॅरेजवाला_भिया:
😂😂 बसा आता

डब्यातून_सरळ:
ठीक आहे, हा एक पॉइंट घ्या, फ्रेम करून हॉलमध्ये लावा. पण छत नजरेसमोर असतं, व्हीलबेस मोजावा लागतो, हा फरक आहेच. नवशिक्या पोराला पहिल्या किटमध्येच चेसिस कापायला लावलं तर तो दुसरी किट आणणारच नाही. आधीच कस्टम आणि कुरिअर धरून किटची किंमत काय होते माहितीये ना.

निळी_शाई:
पहिल्या किटपुरतं मान्य. पण तुमची पहिली नाहीये ना ती. आणि विंडशील्ड फेवीक्विकने चिकटवलीत का? फोटोत कडेला पांढरी धुकट पडलीये.

डब्यातून_सरळ:
तो फ्लॅशचा प्रकाश आहे.

गॅरेजवाला_भिया:
चारही कोपऱ्यात सारखाच पडला का प्रकाश? फेवीक्विकच्या वाफेने काच अशीच होते भिया. पुढच्या वेळी पांढरा फेविकॉल लावा, सुकल्यावर दिसत पण नाही. आणि रामबागकर, ती एनसी खरवडून काढा आत्ताच, प्रायमरच्या आधी.

रामबागकर:
प्रायमर मारून झालाय. सांधा दिसेल तेव्हा बघू.