भूविज्ञान उन्हाळी शिबिरात हाताने शिकवावे का?

मूळ मांडणी

वस्तीतल्या मोठ्यांनी एकत्र येऊन सुट्टीत मुलांसाठी भूविज्ञानाची शिबिरे चालवावीत आणि तिथे पुस्तकाआधी खडक हातात द्यावा, असे माझे ठाम मत आहे. सोनेरी चकाकणारा पायराइटचा तुकडा बिनझिलईच्या पांढऱ्या फरशीवर घासला की हिरवट काळी रेघ उमटते, आणि पोलादी दिसणारे हेमॅटाइट घासले की तांबूस तपकिरी. खनिजाचा बाह्य रंग फसवा असू शकतो, पण चुऱ्याचा रंग, म्हणजे त्याचा कस, बराच भरवशाचा असतो, हे मूल त्या दोन रेघांवरून स्वतःच ताडते. गारगोटीने काचेवर ओरखडा उठतो, कॅल्साइटने उठत नाही. फ्रीडरिख मोस यांनी १८१२ मध्ये मांडलेल्या कठिनतेच्या श्रेणीत पहिलीला ७ आणि दुसऱ्याला ३ का, हे मग पाठ करावे लागत नाही. शाळेच्या तासिकेत एवढी सवड क्वचितच मिळते.

पहिला प्रतिसाद : असहमत

आपल्या तळमळीबद्दल शंका नाही; परंतु भूविज्ञानाचा गाभा हातात मावत नाही. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे आणि भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचे प्रचंड तुकडे, वर्षाला जेमतेम काही सेंटीमीटर सरकतात. हे कोणत्या टेबलावर मांडणार? शिबिरांचा लाडका प्रयोग म्हणजे खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा ज्वालामुखी. प्रत्यक्षात शिलारस, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, वर येताना त्याच्यावरचा दाब कमी होतो, त्यात विरघळलेली पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बुडबुड्यांच्या रूपाने सुटून फुगतात, आणि त्या रेट्याने स्फोटक उद्रेक होतो. आम्लाचा त्यात काही संबंध नाही. मूल मात्र चुकीचे कारण घरी नेते, आणि स्वतःच्या हातांनी केलेले असल्यामुळे ते पुसणे फार अवघड जाते.

मूळ लेखकाचे उत्तर

सोड्याचा ज्वालामुखी शिबिरातून हद्दपार करावा, याबाबत दुमत नाही. काळाच्या मुद्द्यावर मात्र मी मागे हटणार नाही. पारदर्शक बरणीत माती आणि पाणी घालून जोरात हलवावे व ठेवून द्यावे. वाळू मिनिटभरात तळाशी बसते, पोयटा, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकणमातीहून जाडसर कण, बसायला काही तास घेतो, आणि चिकणमातीमुळे पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ असते. वरून वेगळ्या रंगाची माती अलगद सोडली की नवा थर जुन्यावर चढतो. निकोलस स्टेनो यांनी १६६९ मध्ये मांडलेले तत्त्व, की न उलथलेल्या थरांत खालचा थर आधीचा, इथे डोळ्यांसमोर घडते. कोट्यवधी वर्षांचा आकडा शब्दांतच सांगावा लागेल, हे खरे. पण थर साचताना पाहिलेल्या मुलाला तो आकडा कशाचा आहे हे तरी कळेल.

दुसरा प्रतिसाद : अंशतः असहमत

हीच बरणी दिशाभूलही करू शकते. वाळू, पोयटा आणि चिकणमाती असे तीन पट्टे दिसतात, पण ते तिन्ही एकाच हलवण्यातून आले आहेत. जाणता मार्गदर्शक नसेल तर मूल तीन पट्टे म्हणजे तीन वेगळे काळ असा अर्थ काढेल. हौसेने पुढे आलेल्या प्रत्येक पालकाला हा फरक ठाऊक असेल, असे गृहीत धरता येणार नाही, आणि इथेच मला या शिबिरांची खरी काळजी वाटते.

मूळ लेखकाचे उत्तर

आपली हरकत मोलाची आहे, आणि तिचाच प्रश्न करून मुलांपुढे ठेवावा असे मला वाटते : हे तीन पट्टे तीन पुरांचे की एकाच पुराचे? कण खालून वर सलग बारीक होत गेले आहेत की मध्येच पुन्हा जाडसर वाळू लागते, हे त्यांनी भिंगातून पाहावे. खडकाच्या उभ्या कड्यासमोर भूवैज्ञानिकही हेच तपासतो. मार्गदर्शकांची पूर्वतयारी हवी, हे मान्य. शिबिराआधी त्यांनी प्रत्येक प्रयोग एखाद्या भूवैज्ञानिकासमोर करून पाहावा, आणि ज्या प्रयोगामागचे कारण त्यांना सांगता येत नाही तो कार्यक्रमातून काढून टाकावा.