मदत हवी आहे: आण्णांच्या पायाची जुनी जखम आणि रोज चिकटणारं ड्रेसिंग (कोल्हापूर)

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी. डॉक्टरांना दाखवलेलं आहे, शुगर तपासलेली आहे (मधुमेह नाही), त्यामुळं "आधी डॉक्टरांकडे जा" एवढाच प्रतिसाद देणार असाल तर तो मी मनातल्या मनात वाचलाय. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे.

आण्णा, म्हणजे माझे वडील, ६८ वर्षांचे. चाळीस वर्षं गुळव्या म्हणून, म्हणजे गुऱ्हाळावर गूळ शिजवायला, राबले. हंगामात दिवसाचे बारा-बारा तास काहिलीशेजारी उभं राहायचं. पोटऱ्यांवर शिरा दोरखंडासारख्या फुगलेल्या, त्या आम्ही लहानपणापासून बघतोय. कुणाला कधी काही वाटलं नाही. शिमग्याच्या सुमारास उजव्या पायाला, आतल्या घोट्याच्या वर, उसाच्या चिपाडाचा ओरखडा गेला. आज श्रावण लागला, जखम तशीच. ४ सेंमी बाय ३ सेंमी, खोल नाही, पण तळाला पिवळा चिकट थर बसलाय. भोवतीची कातडी तांबूस-काळपट, आणि खाज तर विचारू नका.

जवळच्या दवाखान्यात रोज ड्रेसिंग करायचे. फेसाचं औषध, मग लाल-तपकिरी औषधात भिजवलेला गॉज, वर कापूस, वर पट्टी. दुसऱ्या दिवशी ते सगळं वाळून जखमेला घट्ट. ओढलं की रक्त. आता रिक्षाचा खर्च परवडेना म्हणून तेच मी घरी करते. आण्णा टॉवेल दातात धरतात. कधी तोंडातून शब्द न काढणारा माणूस परवा म्हणाला, "पोरी, रोजच्या रोज सोलतीस काय मला?" त्या दिवशी मी ड्रेसिंग केलंच नाही, आत जाऊन बसले.

कंपाउंडर म्हणतात, कोरडी ठेवा, खपली धरू द्या. शेजारच्या मावशी दगडी पाला चोळून लावा म्हणतात. मेडिकलवाल्यानं एक जेलची ट्यूब आणि चांदी असलेलं ड्रेसिंग दाखवलं, त्याची किंमत ऐकून मी परत ठेवलं. नक्की ओलं ठेवायचं की कोरडं? तो पिवळा थर म्हणजे पू का? आणि न दुखवता हे काढायचं कसं?

तांबडापांढरा

ताई, हळद आणि साजूक तूप. आमच्या आज्जीनं तालमीतल्या पोरांच्या किती जखमा अशा भरल्यात त्याची गणती नाही. दगडी पालाबी चालतोय. औषधं सोडा की जरा.

सिस्टरबाई

पंचगंगाकाठ, मी बावीस वर्षं सर्जिकल वॉर्डात काढली, आता इचलकरंजीत घरी जाऊन ड्रेसिंग करते. तुमच्या आण्णांना न बघता लिहितेय, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

उद्या सकाळी ओढू नका. ड्रेसिंगच्या पाऊण तास आधी पॅरासिटामॉल द्या, डॉक्टरांची हरकत नसेल तर. मेडिकलमधून नॉर्मल सलाईनची बाटली आणा आणि ती कोमट पाण्याच्या भांड्यात ठेवा, गार सलाईन झोंबतं. नाहीतर घरी १ लिटर पाणी उकळून त्यात ९ ग्रॅम मीठ, निवलं की वापरा आणि उरलेलं त्याच दिवशी ओतून टाका. पंखा बंद. उघड्या जखमेवर वारा लागला की कळ येते, हे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. मग गॉजवर सलाईन सोडत राहा आणि पंधरा-वीस मिनिटं गप्प बसा. शेवटचा पदर आण्णांना स्वतःच्या हातानं काढू दे. माणूस स्वतः काढतो तेव्हा निम्मी भीती जाते. हात वर केला की थांबायचं, हे आधीच ठरवून घ्या.

फेसाचं औषध (हायड्रोजन पेरॉक्साइड) आणि स्पिरिट आजपासून बंद. जंतूंबरोबर नवी उगवणारी पेशीही मरते. कापूस तर जखमेवर कधीच नको, तंतू आत राहतात.

पिवळा थर बहुधा पू नाही. त्याला आम्ही स्लफ म्हणतो. मेलेल्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्तातला चिकट प्रथिनांचा भाग. तुमच्या घरात गूळ शिजलाय म्हणून सांगते: काहिलीच्या तळाला खरवड धरली की आण्णा काय करायचे? उलथन्यानं कोरडी खरडली तर काहील जाते. पाणी घालून ठेवायचं, आपोआप सुटते. जखमेत ते पाणी म्हणजे ओलावा, आणि खरवड सोडवणारं रसायन शरीर स्वतःच तयार करतं. जखम ओलसर राहिली तर ते काम चालतं, वाळली की थांबतं. तुम्ही रोज कोरडा गॉज ओढता तेव्हा खरवडीबरोबर काहीलही निघते, म्हणून रक्त.

पंचगंगाकाठ

सिस्टरताई, खरवडीचं आण्णांना वाचून दाखवलं. म्हणाले, "बाई शानी हाय." सकाळी तुम्ही सांगितलं तसं केलं. पस्तीस मिनिटं लागली, पण टॉवेल लागला नाही. आता वर काय लावू?

सिस्टरबाई

जखमेला टेकणारा थर न चिकटणारा हवा. पॅराफिनची जाळी सगळीकडे मिळते आणि स्वस्त असते, पण जास्त दिवस ठेवली तर तीही वाळते. सिलिकॉनची जाळी महाग, पण ती दोन-तीन ड्रेसिंगपर्यंत जागेवर राहू शकते आणि फक्त वरचा पॅड बदलायचा, म्हणजे हिशेब फार बिघडत नाही. वर पाणी शोषणारा पॅड किंवा फोम.

जेल सगळ्यांना नाही. थर सुका असेल तर जेल ओलावा देतं. जखम आधीच पाझरत असेल तर त्यावर जेल म्हणजे चिखलात पाणी. तिथं समुद्री शेवाळापासून केलेलं आल्जिनेट किंवा फोम. ओलं म्हणजे लडबडलेलं नव्हे. कडेची कातडी धुणं धुतलेल्या बोटांसारखी पांढरी पडली तर पाणी जास्त झालंय असं समजा. कडेला झिंक ऑक्साइडचा पातळ हात द्या, जखमेत नको. चांदीचं ड्रेसिंग जंतुसंसर्ग असेल तेव्हा, ठरावीक दिवस. तुम्ही ते परत ठेवलंत ते बरं केलंत.

आणि रोज उघडू नका. पॅड भिजून कडेपर्यंत आला की बदला, नाहीतर दोन-तीन दिवसांनी.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न मी विचारते. पाय वर ठेवला की आण्णांना बरं वाटतं, की खाली सोडला की?

पंचगंगाकाठ

वर. उशीवर ठेवला की. संध्याकाळी घोट्याला सूज, मोज्याचा वळ उमटतो.

निवृत्त_कात्री

सिस्टरबाईंनी नेमकं बोट ठेवलं. मी सर्जन होतो, आता फक्त धागे वाचतो. फुगलेल्या शिरा, आतल्या घोट्यावरची जागा, काळपट कातडी, खाज, सूज, वर ठेवल्यावर आराम. हे सगळं शिरांच्या झडपा निकामी झाल्याकडे बोट दाखवतं. रक्त वर चढत नाही, खाली साचतं, त्याच्या दाबानं कातडी आतून उपाशी राहते. अशा जखमेवर जगातलं सगळ्यात महाग ड्रेसिंग लावा, साचलेलं रक्त हटत नाही तोवर ती भरत नाही. ड्रेसिंगनं जखम स्वच्छ होते, दुखणं कमी होतं. भरते ती पायाला बांधलेल्या दाबाच्या पट्टीनं.

पण ती पट्टी तुम्ही उद्याच क्रेप बँडेज आणून बांधू नका. आधी धमन्या उघड्या आहेत का हे बघावं लागतं. डॉपलरनं, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणाऱ्या यंत्रानं, घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागतात. तो भागाकार ०.८ च्या खाली असेल तर पूर्ण दाबाची पट्टी पायाचं नुकसान करते. धमन्यांच्या रोगात पाय खाली सोडला की बरं वाटतं, रात्री पलंगावरून लोंबकळत ठेवतात. तशा पायावर बोटांना काळी कोरडी खपली असेल तर तिला ओलं करायचंच नाही, तिथं "कोरडं ठेवा" हाच सल्ला खरा. कंपाउंडरचं वाक्य कुठूनतरी आलेलं असतं, फक्त चुकीच्या पायावर पडतं.

खपलीबद्दल: १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या कातडीवर लहान जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काहींवर पॉलिथिनचा पडदा लावला. झाकलेल्या, ओलसर जखमांवर कातडी जवळपास दुप्पट वेगानं धरली. साठ वर्षं होऊन गेली, आपल्याकडे अजून "हवा लागू दे" चालू आहे.

तांबडापांढरा, आज्जीचा राग नाही. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी भाजलेल्या जखमांवर केळीचं पान वापरलं, न चिकटणारं आणि स्वस्त. पण ते निर्जंतुक करून. बांधावरचा दगडी पाला मातीसकट चोळणं निराळं. ताज्या ओरखड्याला तुमची पोरं तशीही बरी झाली असती, पाच महिन्यांच्या जखमेत ते नको. हळद वाळून पपडी धरते, ती पुन्हा सोलावी लागते.

तांबडापांढरा

पटलं डॉक्टर. मध चालंल का मग? घरचा हाय.

निवृत्त_कात्री

जखमेसाठी गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला मध मिळतो. घरचा भाकरीबरोबर खा. आणि औषधी मधही कित्येकांना झोंबतो, इथं मूळ तक्रारच दुखण्याची आहे.

पंचगंगाकाठ (बारा दिवसांनी)

राजारामपुरीत एका व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनना दाखवलं. भागाकार १.० आला, दाब द्यायला हरकत नाही म्हणाले. थर थोडा खरवडून काढला, त्याआधी सुन्न करणारं मलम लावून पाऊण तास बसवलं. आण्णा म्हणाले, हे मलम आधी कुठं होतं? पायाच्या बोटांच्या मुळापासून टाच धरून गुडघ्याखालपर्यंत पट्टी बांधली, आठवड्यातून दोनदा बदलायची.

पण आज मापलं तर जखम ४.५ बाय ३.३! वाढली! वासही येतोय. माझ्या पोटात गोळा आलाय.

सिस्टरबाई

श्वास घ्या. थर विरघळला की त्याखाली झाकलेली जखम उघडी पडते, म्हणून सुरुवातीला मोठी दिसते. विरघळलेल्या थराला वासही असतो, पुसल्यावर जातो. हे सांगा: दुखणं आधीपेक्षा वाढलं का? लाली कडेपासून पुढं सरकतेय का? पाय गरम, ताप? तळ कसा दिसतो?

पंचगंगाकाठ

दुखणं कमी आहे. ताप नाही, लाली नाही. तळाला डाळिंबाच्या दाण्यांसारखं लाल दिसतंय मध्ये मध्ये.

सिस्टरबाई

डाळिंबाचे दाणे! तेच तर हवंय. दर आठवड्याला स्वच्छ पारदर्शक प्लास्टिकवर कड गिरवून तारीख टाका, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. दुखणं वाढलं का, लाली सरकतेय का, पाय गरम आहे का, ताप आहे का, हे चार प्रश्न कागदावर लिहून भिंतीला लावा. एकाचंही उत्तर "हो" आलं तर त्याच दिवशी दवाखाना. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर पट्टी लगेच सोडायची. आणि अंडी, डाळ भरपूर. जखम पाझरते तेव्हा प्रथिनंही जातात.

उद्यमनगरी

मधेच लिहितो, माफी. मीही फाउंड्रीत उभा राहून पाय असाच करून घेतलाय. जखम भरली, सहा महिन्यांत पुन्हा उघडली, कारण शिरेचं काही केलं नव्हतं. दुसऱ्या वेळी लेसर केलं. ताईंनी ते विचारून ठेवावं.

निवृत्त_कात्री

बरोबर. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या अभ्यासात ४५० रुग्ण होते. शिरेवर लगेच उपचार केलेल्यांच्या जखमा भरायला लागलेल्या दिवसांचा मध्यक (निम्म्यांच्या जखमा तेवढ्यात भरल्या) ५६, उपचार लांबवलेल्यांचा ८२. दोन्ही गटांना दाबाची पट्टी होतीच. आणि एक: योग्य पट्टी बांधूनही जखम हलत नसेल, कड उचललेली, वळलेली दिसत असेल, तर कडेचा तुकडा तपासायला सांगा. क्वचित तिथं कर्करोग असतो.

पंचगंगाकाठ (मार्गशीर्षात)

धागा वर काढतेय. प्लास्टिकचे सतरा तुकडे झाले, शेवटच्यावर गिरवायला काही नव्हतं. मधल्या दोन आठवड्यांत माप एक मिलिमीटरही हललं नव्हतं, तेव्हा मी रडून घेतलं. मग कळलं, आण्णा दुपारी मी नसताना पट्टी सैल करून गुऱ्हाळावर गप्पा मारायला जायचे. शिरेच्या लेसरची तारीख पुढच्या महिन्यातली मिळालीय.

आता दाबाचे मोजे दिलेत, बोटं उघडी असलेले. सकाळी उठल्या उठल्या, सूज यायच्या आत घालायचे. पण ते टाचेवर अडकतात, मी ओढते, आण्णा ओरडतात, नव्या कातडीला धक्का लागेल म्हणून मी सोडून देते. काही युक्ती?

उद्यमनगरी

पावलावर आधी प्लास्टिकची पातळ पिशवी चढवा, मेडिकलची चालेल. त्यावरून मोजा सरकवा, टाच सर्रकन जाते. मग बोटांकडच्या उघड्या तोंडातून पिशवी ओढून काढा. हातात भांडी घासायचे रबरी मोजे घाला, पकड येते.

पंचगंगाकाठ

गेला! आण्णा विचारताहेत, पिशवी रोज नवी लागते का.

उद्यमनगरी

माझी दिवाळीपासून तीच आहे.