अमूर ससाणा आणि चतुर
अमूर ससाण्याच्या स्थलांतराशी चतुरासारख्या एका कीटकाची तुलनाच होऊ शकत नाही, हे मत मला मान्य करता येत नाही. सुमारे १५० ग्रॅमचा हा ससाणा नागालँडमधील दोयांग जलाशयापाशी पंख फुटलेल्या वाळवीवर पोट भरून, पुढे अरबी समुद्र न थांबता ओलांडून आफ्रिका गाठतो, हे विलक्षणच आहे. परंतु पँटाला फ्लाव्हेसेन्स हा जेमतेम पाच सेंटिमीटरचा, पिवळसर अंगाचा आणि मागचे पंख बुडाशी रुंद असलेला चतुरही त्याच हंगामात, उंचावरून वाहणाऱ्या ईशान्येकडील वाऱ्यांच्या आधाराने, त्याच दिशेने निघतो. चतुरांची पिल्ले गोड्या पाण्यात वाढतात; पण मालदीवच्या बेटांवर उघडे गोडे पाणी जवळपास नसतानाही दर ऑक्टोबरमध्ये चतुरांचे थवे उतरतात, म्हणजे ते बाहेरूनच येत असणार, आणि त्यावरूनच सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये चतुरांचा भारतातून समुद्रावरून आफ्रिकेकडे जाणारा हा मार्ग मांडला. समुद्रावरून जाताना ससाण्यांना याच चतुरांचे खाद्य मिळत असावे, असेही त्यांनी सुचवले. उडता उडता पायातला कीटक चोचीशी नेणारा ससाणा लोणावळ्याच्या माळावर ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे सहज पटेल. मला सर्वांत मोठा फरक परतीच्या प्रवासात दिसतो: ससाणा स्वतः परत येतो, तर चतुराची परततात ती पावसाच्या डबक्यांत काही आठवड्यांत वाढलेली, ही वाट कधीच न पाहिलेली मुले-नातवंडे.