मीटर रूमचा वास: सोसायटी ग्रुप, इंदिरानगर

ए-१०१ (सेक्रेटरी): नमस्कार. काल रात्री मीटर रूममध्ये वायर जळाली. वायरमन येऊन गेला, बी विंगची लाइट आलीये. सीसीटीव्हीत दिसतंय की बराच वेळ लोक तिथून ये-जा करत होते. दोघांनी दार उघडून वासही घेतला. वॉचमनला कुणीच सांगितलं नाही.

बी-३०२: माणुसकीच संपली. आमच्या पंचवटीच्या वाड्यात अख्खा वाडा धावला असता.

ए-४०४: वास आम्हालाही आला. पण खाली दोघं निवांत गाडी लावत होते. वाटलं, काही विशेष नसेल, नाहीतर यांनी कळवलंच असतं.

सी-२०१: काका, माणुसकीवर नका जाऊ. मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते, त्यात हेच येतं. ए-४०४ ताईंना जे वाटलं, तेच १९६८ साली न्यूयॉर्कमध्ये बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांना प्रयोगात दिसलं. विद्यार्थी फॉर्म भरत बसलेत आणि भिंतीतून धूर येऊ लागतो. एकटे बसलेल्यांपैकी ७५ टक्के उठून सांगायला गेले. शेजारी दोन माणसं मुद्दाम काही न घडल्यासारखी बसवली, तर फक्त १० टक्के. बाकीचे खोकत, डोळे चोळत, हाताने धूर सारत फॉर्म भरत राहिले! नंतर विचारलं तर म्हणाले, वाफ असेल, एसीचं काही असेल. प्रत्येक जण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो आणि सगळेच चेहरे शांत असतात.

बी-३०२: पण न्यूयॉर्कमध्येच ना एका मुलीचा खून ३८ जण बघत बसले होते?

सी-२०१: किटी जेनोवीज, १९६४. तो ३८चा आकडा फुगवलेला होता, छापणाऱ्या वर्तमानपत्रानेही पुढे ते मान्य केलं. एक शेजारीण तर धावत खाली गेली आणि मदत येईपर्यंत तिला धरून बसली. हे कुणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

त्या बातमीनंतर लाताने आणि डार्ली यांनी आणखी एक प्रयोग केला. इंटरकॉमवर बोलणाऱ्याला फिट आल्याचा आवाज ऐकवला. फक्त आपणच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के फिट संपायच्या आत उठले. आणखी चौघं ऐकतायत असं वाटलं, तिथे ३१ टक्के. आणि न उठलेल्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. हे लोक बेफिकीर कसे?

दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो, परिस्थिती बघतच नाही. ली रॉस यांनी १९७७ मध्ये याला मूलभूत आरोपण चूक म्हटलं.

वाड्याचं मात्र पटलं, काका. सोबतचा माणूस ओळखीचा असेल तर लोक लवकर उठतात, हे १९६९ च्या प्रयोगात दिसलंय.

ए-४०४: मग करायचं काय?

सी-२०१: ग्रुपवर 'कुणीतरी बघा' लिहायचं नाही. एकाचं नाव घ्यायचं: 'काका, तुम्ही वायरमनला फोन लावा.' जबाबदारी वाटली गेली की कुणाच्याच वाट्याला येत नाही.

ए-१०१ (सेक्रेटरी): ठीक. वास, पाणी, लिफ्ट, काहीही असो: ए विंगसाठी मी, सी विंगसाठी ताई. बी-३०२ काका, बी विंग तुमच्याकडे?

बी-३०२: माझ्याकडे. नंबर वॉचमनच्या केबिनमध्ये लावा, रात्री दोनलाही उठवा. आणि वायरिंगचं कोटेशन या रविवारच्या मीटिंगमध्ये घ्या.