जॅझला टाळी नक्की कधी द्यायची?

डोंबिवलीकर: काल फोर्टातल्या एका छोट्या क्लबात गेलो, जेमतेम ४० खुर्च्या. तिकीट लेकीने काढलेलं. स्टेज इतकं जवळ की ड्रमरच्या ब्रशची सरसर ऐकू येत होती. ८ वर्षं तबला शिकलोय, म्हणून सम (तालचक्राची पहिली मात्रा) आली असं वाटून "क्या बात!" म्हणालो, तर सॅक्सोफोनवाला अजून मध्यातच! लेक टेबलाखाली शिरायची बाकी होती. यांच्यात सम असते कुठे?

बेसुर_ठाणेकर: काका, आवर्तन असतंच. ब्लूज (जॅझमध्ये नेहमी वाजणारा एक गानप्रकार) असेल तर बहुधा १२ बार, म्हणजे मात्रांचे १२ गट, प्रत्येकी ४ मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं चक्र. बासवर (खर्जातल्या तंतुवाद्यावर) कान ठेवा. एकेकाचा सोलो संपला की वादन चालू असतानाच टाळी देतात.

माहीमची_मावशी: गोव्याचे चिक चॉकलेट जॅझ ट्रम्पेट वाजवायचे आणि संगीतकार सी. रामचंद्र ऊर्फ अण्णांचे सहायकही होते. म्हणजे अण्णांच्या गाण्यांतून ही चव तुम्हाला लागलेलीच आहे हो!

डोंबिवलीकर: ४८ मोजत बसलो तर शेवटची लोकल चुकायची. पुढच्या खेपेला बासवाल्याशेजारी बसतो. बाकी लिंबू सरबत ४५० रुपयांना होतं, त्यावर दाद द्यायची राहिली.