मदत हवी आहे: हवामान मॉडेलचा कोड मर्ज करायचा कोणत्या कसोटीवर?

नमस्कार मंडळी. आमच्याकडे वातावरण, महासागर आणि समुद्री बर्फ असे तीन गट एकाच फोरट्रान कोडवर काम करतात. या तिन्ही भागांना जोडणाऱ्या कोडला, म्हणजे कपलरला, मात्र कुणी वाली नाही, आणि भांडणं नेमकी तिथेच.

ढगांच्या स्कीममध्ये (ढगांचं गणित करणाऱ्या कोडमध्ये) नुसता बेरजेचा क्रम बदलला तरी शेवटचा बिट हलतो आणि काही आठवड्यांनंतरचं रोजचं तापमान पार वेगळं येतं. हा बग की राउंडिंगची (संगणक आकडे ठरावीक अंकांपुरते कापतो त्याची) करामत, कसं ओळखायचं? बिट-न्-बिट जुळण्याचा हट्ट धरला तर कंपायलरही बदलता येत नाही. सीईएसएम या हवामान मॉडेलमध्ये एन्सेम्बल, म्हणजे सुरुवात किंचित बदलून केलेले अनेक रन, चालवून सांख्यिकी चाचणी लावतात. तुम्ही ती प्रत्येक पुल रिक्वेस्टला (कोडमधला बदल मर्ज करण्याच्या विनंतीला) चालवता की फक्त रिलीजआधी? आणि कपलरमधल्या बदलाला शेवटचा होकार कोणाचा?